भिंतीकडची जागा

आई त्या दिवशी काचेच्या खोलीत बसली ती शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या थाटात. पाठ ताठ, पर्स मांडीवर आणि चेहऱ्यावर ‘दाखवा, काय दाखवताय ते’ असा भाव.

“हे बटण हातात धर,” छोटी बाहेरून माइकवर म्हणाली. “आवाज ऐकू आला की दाबायचं. अंदाजाने दाबायचं नाही.”

“मी आयुष्यात अंदाजाने काही केलेलं नाही,” आई म्हणाली.

छोटी पन्नाशीला टेकली होती. केस अर्धे पिकले, चष्म्याचे नंबर दोन झाले, पण नाव काही वाढलं नाही. आई शाळेत मोठ्या बाई, म्हणून त्यांची लेक छोटी. कुणा शिपायाने केव्हातरी गमतीत ठेवलेलं नाव जन्माला चिकटलं. ती लोकांचे कान तपासायची. दवाखान्याच्या मागच्या अंगाला तिची जागा होती आणि त्या जागेत ही खोली होती, कपाटापेक्षा थोडी मोठी. समोर मोठी काच, बाकी भिंतींना भोकाभोकांचं करडं अस्तर, दाराला जाड रबर. दार लागलं की बाहेरचं जग चिमटीत धरून विझवल्यासारखं व्हायचं. काही पेशंट आत जायला बिचकत. छोटी त्यांना धीर द्यायची, ‘मी इथेच आहे, काचेतून दिसतेय ना?’ स्वतः मात्र ती दार लावून आत कधी बसली नव्हती. आतलं काही बिघडलं तर आधी दारात खुर्ची अडकवायची, मगच आत पाऊल टाकायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, उकडतं.

आई आत मजेत होती. “काय शांत आहे गं! अशी एक खोली मला शाळेत हवी होती. पालक भांडायला आले की आत जाऊन बसले असते.”

“आता बोलायचं नाही. मी शब्द सांगते, तू परत म्हणायचे.” छोटीने तोंडासमोर पुठ्ठा धरला, ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. “दोरी.”

“दोरी.”

“फळा.”

“फळा. आणि तो ‘ळ’ जरा स्वच्छ म्हण. कुणी शिकवलं तुला?”

“आई, तपासणी तुझी चालली आहे.”

“म्हणून काय चूक ऐकून घ्यायची?” आईने पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि काचेवर टकटक केली. “आधी हे पी. सकाळपासून घोटभर तरी घेतलंस का?”

“घेतलं.”

“खोटं. ओठ बघ कसे झालेत. लहानपणापासून तुझं हेच. शाळेतून डबा यायचा रिकामा आणि बाटली यायची भरलेली. मी म्हणते, माणसाला तहान लागत नाही हा काय प्रकार?” मग आठवण झाल्यासारखी ती म्हणाली, “बरं, शाळेतून नव्या बाईंचा फोन होता. सातवीत एक जोडी बसवली आहे जोडबाकावर. छान रमल्यात म्हणे. सोमवारी बघायला बोलावलंय. तूही चल.”

“माझे पेशंट आहेत.”

“ते काय, कायमचेच आहेत. अगं, पहिली जोडी तुमची! खरं तर तुलाच आधी बोलवायला हवं. मैना भेटते का गं कधी?”

“नाही.”

“एवढी गट्टी होती तुमची,” आई म्हणाली. “जग असंच. चल, सांग पुढचा शब्द.”

छोटीने आवाजाचं बटण खाली आणलं. आणखी खाली आणलं. आईला कुठपर्यंत ऐकू येतं आणि कुठून पुढे येत नाही, हे आता समोरच्या आकड्यांवर तिला दिसत होतं. त्या रेषेखाली बोललं तर शब्द आईच्या कानात पडतील आणि आईला कळणारही नाहीत. तोंडासमोर पुठ्ठा होताच. सांगितल्याचं समाधान आणि न ऐकल्याची सोय, दोन्ही एका बटणावर. तिने श्वास घेतला.

“चमचा,” ती म्हणाली.

आई पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तिला ऐकूच आलं नव्हतं.

निकाल सांगितला तेव्हा आईने कानाचं मशीन साफ नाकारलं. “मी जन्मभर लोकांना ऐकवलं. आता ऐकायला लागले तर सवय मोडेल.” आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसली. रस्त्याच्या पलीकडे जाऊन टॅक्सीत बसताना तिने मागे वळून, चार माणसं थबकतील अशा आवाजात सांगितलं, “पाणी पी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चहा घेऊन गेली तेव्हा आई खिडकीपाशी खुर्चीत होती, चष्मा नाकावर, वर्तमानपत्र मांडीवर. मावशी आईची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, शेजारच्या खोलीत राहिली आणि बहिणीशी रोज नेमाने भांडली. “पेपर वाचता वाचता झोपतात का माणसं?” ती म्हणाली. उत्तर आलं नाही, तेव्हा बहिरेपणावर चिडून तेच तिने मोठ्याने म्हटलं. मग चहाचा कप खिडकीत ठेवून तिने छोटीला फोन केला, आणि फोनवर पहिलं वाक्य बोलली ते असं: “तू ये. ही माझ्याशी बोलत नाहीये.”

नंतर समाचाराला माणसांची रीघ लागली. मोठ्या बाईंनी अर्धं गाव शिकवलं होतं. जो येई तो जोडबाकाचं नाव काढी. एक बाई रडत म्हणाली, “मी वाया गेलेली मुलगी होते हो. बाईंनी मला त्या बाकावर बसवलं आणि माणसात आणलं.” एक गृहस्थ म्हणाले, “माझा स्वभावच बदलला.”

छोटी पाहुण्यांना पाणी देत होती. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुम्ही बाहेर बसायचात की आत?”

“बाहेर,” गृहस्थ म्हणाले.

त्या बाईही बाहेरच बसायच्या. मग छोटीने येईल त्याला विचारायला सुरुवात केली. बाहेर. बाहेर. मी पण बाहेर. भिंतीकडे बसलेलं कुणी भेटायला आलंच नाही.

बाकाची गोष्ट अशी. मैना दिसायला गोड, गळ्याने गोड, शिक्षकांच्या गळ्यातला ताईत. तिने छळायला छोटीलाच का धरलं, याला कारण एवढंच की छोटी मोठ्या बाईंची मुलगी होती. दप्तरात शाई, डब्यात खडूचा चुरा आणि येता-जाता ‘चुगलखोर’. वर्गशिक्षिकेने एकदा पाहिलं आणि प्रकरण वरपर्यंत गेलं. तिथे पंचाईत झाली. मुलीची बाजू घ्यावी तर लोक म्हणणार, घरचं पोर म्हणून. न घ्यावी तर शाळेत न्याय उरला नाही. मोठ्या बाईंनी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. दोघींना वर्षभर एकाच बाकावर बसवायचं. पुढचं, एका बाजूने भिंतीला भिडलेलं बाक. त्रास सोसणारी आत, भिंतीकडे. त्रास देणारी बाहेर. का? तर आतलीला जायचं-यायचं असलं की बाहेरचीने दर वेळी उठून वाट करून द्यायची. ‘दिवसातून दहा वेळा दुसऱ्यासाठी उठलं की माणूस आपोआप नरमतं,’ मोठ्या बाई म्हणायच्या. वाक्यच असं होतं की ऐकणाऱ्याची मान डोलायची.

त्यात एकच गोष्ट राहून गेली होती. उठायचं की नाही, हे बाहेरची ठरवते.

“बाथरूमला जायचंय,” छोटी म्हणायची.

मैना वहीतून डोकं वर न काढता विचारायची, “काय देशील?”

आधी खोडरबर गेलं, मग डब्यातला खाऊ. द्यायला काही उरलं नाही तेव्हा वाक्यं आली. ‘म्हण, मी आईच्या कानाशी लागते.’ ‘असं पुटपुटू नको, मागच्या बाकाला ऐकू जाऊ दे.’ म्हटलं की मैना हसत, अदबीने उठून उभी राहायची आणि शिक्षक कौतुकाने बघायचे. एकदा छोटी अडून बसली. नाही म्हणणार, म्हणाली. त्या दिवशी मैना उठली नाही. पुढे काय झालं ते बाकाखाली फरशीवर सगळ्या वर्गाला दिसलं. घरी तिने सांगितलं, पाण्याची बाटली सांडली. “झाकण नीट लावत जा,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून छोटीने शाळेत पाणी पिणं सोडलं. तहान लागणार नाही असं शरीराला शिकवता येतं. वेळ लागतो, पण ते शिकतं आणि मग विसरत नाही.

सांगायचं तर कुठे? घरचा नियम पक्का होता. शाळेत ‘आई’ म्हणायचं नाही, ‘बाई’ म्हणायचं. घरी शाळा काढायची नाही. शाळेतलं शाळेत, घरातलं घरात. म्हणजे आई भेटायची तिथे शाळेचं बोलणं बंद, आणि शाळेचं बोलता यायचं तिथे आई नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, त्यातली गत.

बाई विचारत नव्हत्या असंही नव्हतं. रोज विचारायच्या. खिडकीतून डोकावून, दोघींना एकदम. “काय गं, पटतं ना?” बाकाखाली मैनेचा गुडघा येऊन टेकायचा. छोटी आधी मैनेकडे बघायची आणि मग म्हणायची, “हो बाई. आम्ही मैत्रिणी आहोत.” त्यावर बाईंचा चेहरा असा उजळायचा, की तसा तो घरी कधी उजळलेला छोटीला आठवत नव्हता. तेही एक कुलूपच होतं. वर्षाच्या शेवटी तिने तेच वाक्य स्टेजवर म्हटलं आणि टाळ्या वाजल्या. बाक शाळेत राहिलं. दर वर्षी त्यावर एक नवी जोडी आली. मोठ्या बाई जिथे जातील तिथे सांगायच्या, “दाखला माझ्या घरातच आहे.” मोठेपणी सांगता आलं असतं, पण सांगायचं म्हणजे आईने आयुष्यभर मिरवलेलं एकमेव लेणं तिच्या अंगावरून उतरवायचं. आणि जितकी वर्षं गेली तितकं ते जड होत गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा. फरक एवढाच की तोंड आता तिचं तीच दाबून धरत होती.

नव्या बाई घरी आल्या त्या फुलं घेऊन. त्यांना मुख्याध्यापिका होऊन कित्येक वर्षं झाली होती, पण मोठ्या बाईंच्या जागी आल्यामुळे त्या नव्याच राहिल्या होत्या. बाई तशा भल्या. मोठ्या बाईंच्या रिकाम्या खुर्चीवर त्या बसल्या नाहीत, स्टूल ओढून घेतलं.

“शुक्रवारी शाळेत सभा ठेवलीये,” त्या म्हणाल्या. “तुम्ही चार शब्द बोलायचे. आणि एक गोष्ट ठरवली आहे. पुढच्या सत्रापासून प्रत्येक वर्गात एक जोडबाक. ‘मोठ्या बाईंचं बाक’ अशी पितळी पाटी लावायची. त्यांना याहून दुसरी काय श्रद्धांजली असणार?”

मावशीने डोळ्यांना पदर लावला. “ऐकायला ती असायला हवी होती,” ती म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, “तिला ऐकू आलं नसतं, ती गोष्ट वेगळी.”

“प्रत्येक वर्गात?” छोटीने विचारलं.

“प्रत्येक. आणि आत्ताची सातवीची जोडी स्टेजवर आणणार आहोत. तुम्ही जरा आधी या, दाखवते. बोलाल ना?”

छोटीच्या तोंडून “हो” निघालं. ते ‘हो’ तिने ओळखलं. तेच जुनं होतं.

शुक्रवारी ती लवकर गेली. शाळेला नवा रंग होता, खिडक्यांना नव्या जाळ्या होत्या, पण जिन्याच्या पायऱ्या त्याच, मधोमध झिजलेल्या. सातवीच्या वर्गात शेवटचा तास संपत आला होता. बाक नवं होतं, जागा तीच. भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक काळपट पट्टा होता. वरचा-खालचा रंग स्वच्छ, आणि तेवढाच भाग घासून मळलेला. आत बसणारं पोर भिंतीत शिरता येईल तितकं शिरतं, त्याची ती खूण.

“या आमच्या दोघी,” नव्या बाई म्हणाल्या. “ही टकळी. हिचं तोंड एक मिनिट गप्प नसतं. आणि ही आतली चिमणी. काय गं, पटतं ना आता?”

“एकदम, बाई!” टकळी म्हणाली. गालाला खळ्या, तरतरीत डोळे. कुणालाही आवडावी अशी मुलगी. “आता तर ही माझ्याशिवाय हलतच नाही.”

चिमणी बारीक चणीची, चष्मेवाली. तिने आधी टकळीकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो बाई. आम्ही मैत्रिणी आहोत.”

छोटी एक पाऊल पुढे आली. शब्द ना शब्द तोच होता. हे वाक्य बाकावर कुणी कोरून ठेवलं होतं की काय! तिची नजर चिमणीच्या दप्तराकडे गेली. बाजूच्या खिशात पाण्याची बाटली होती, निळी, पारदर्शक. शाळा सुटायला आली होती आणि पाणी गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

“पाणी नाही प्यायलीस?” छोटीने विचारलं.

“तहान नाही लागत,” चिमणी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“या वयात मुलींना पाणी प्या म्हणून मागे लागावं लागतं,” नव्या बाई म्हणाल्या.

“मी बसून बघू का तिथे?” छोटी म्हणाली. “आतल्या जागेवर?”

नव्या बाईंना ते फार आवडलं. टकळी टुणकन उठली, चिमणी बाहेर आली, आणि छोटी आत सरकली. गुडघे फळीला टेकले. डावा खांदा भिंतीला लागला, गार. तेवढ्यात टकळी सवयीने आपल्या जागेवर बसली आणि वाट बंद झाली. बंद झाली म्हणजे काय, एक बारा वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. पण छोटीला श्वास पुरेना. फळा होता, खिडकी होती, दार सताड उघडं होतं, आणि त्यातलं काहीच तिच्या उपयोगाचं नव्हतं.

“मला बाहेर यायचंय,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा लहान निघाला.

टकळीने मान तिरकी केली. डोळे मिचकावले. “काय देणार?”

वर्ग खो-खो हसला. नव्या बाईही हसल्या. “बघा, पाहुण्यांनासुद्धा सोडत नाही! ऊठ गं.” टकळी हसत, अदबीने उठली आणि हात लांब करून वाट दाखवली.

चिमणी हसली नव्हती. ती छोटीकडे बघत होती. या बाईंनी काय दिलं असतं, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात छोटीने नव्या बाईंना थांबवलं. “ते बाक बंद करा.”

“म्हणजे हलवू? तिथे उजेड कमी येतो, खरं आहे.”

“हलवू नका. बंद करा. आणि त्या मुलीला आजच तिथून काढा.”

नव्या बाई गोंधळल्या. “काही बोलली का ती तुम्हाला?”

“नाही. बोलणार नाही.”

“मग?”

“तिची बाटली भरलेली आहे.”

नव्या बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला, दुःखात असलेल्या माणसाच्या दंडावर ठेवतात तसा. “तुम्ही दमला आहात. साहजिक आहे.”

“बाई, ‘काय देणार’ ही थट्टा नाही. तो तिथला दर आहे. दोघींना वेगवेगळं विचारा. एकीसमोर दुसरीला कधीच नको. आधी तिला दाराजवळ बसवा, उठून जाता येईल अशी, आणि मग चार दिवसांनी एकटीला विचारा. टकळीलाही विचारा. तीही काही जन्मतः अशी नसेल.”

“अहो, मी काय करू, सांगा ना,” नव्या बाईंचा आवाज एकदम थकलेला आला. “तक्रार आली की पालक दोन बाजूंनी येतात. एक म्हणतो शाळेतून काढा, दुसरा म्हणतो पोरंच ती, चालायचंच. माझं इकडे आड, तिकडे विहीर. तुमच्या आईंच्या बाकाने दोन्ही बाजू गप्प बसतात.”

“हो,” छोटी म्हणाली. “गप्प बसतात.”

“सभेनंतर बघू. आज तरी नको. पाट्या तयार होऊन आल्यात, माणसं जमलीत. आणि खरं सांगू? कुणी शंका काढली की मी तुमचंच नाव सांगते. मोठ्या बाईंच्या स्वतःच्या लेकीला गुण आला, मग आणखी काय पुरावा हवा?”

नव्या बाई पुढे गेल्या. छोटी व्हरांड्यात उभी राहिली. बाक का टिकलं, याचं कोडं आता उरलं नव्हतं. त्या बाकाचे चारही पाय ती स्वतः होती. ती गप्प होती तोवर ते हलणार नव्हतं.

सभागृह भरलं होतं. स्टेजवर आईचा फोटो होता, निवृत्तीच्या समारंभातला, त्यात ती कॅमेऱ्याला रागावल्यासारखी दिसत होती. टेबलावर पितळी पाट्यांची चळत होती. पहिल्या रांगेत मावशी बसली होती. छोटीने कडेची खुर्ची घेतली. आयुष्यभर ती कडेचीच घेत आली होती.

“चांगलंच बोल हं,” मावशी कुजबुजली. “गेलेल्या माणसाचं उणं काढू नये.”

“आणि राहिलेल्याचं?”

“काय?”

“काही नाही.”

टकळी आणि चिमणी स्टेजवर आल्या. तिथेही चिमणी आतच बसली, पडद्याकडे. टकळीने छोटंसं भाषण केलं, फार गोड. माइक चिमणीसमोर आला. तिने शेजारी पाहिलं. “आम्ही मैत्रिणी आहोत,” ती म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी सगळ्यांत जोरात वाजवत होती.

मग छोटीचं नाव पुकारलं. तिने एक कागद लिहून आणला होता. आईचं अक्षर, आईची शिस्त, आईचे विनोद. सगळं खरं होतं. ती माइकपाशी उभी राहिली, कागद वर धरला आणि पहिलं वाक्य वाचलं.

“ऐकू येत नाही!” मागून कुणीतरी ओरडलं.

तिच्या लक्षात आलं की कागद तिने तोंडासमोर धरला आहे. काचेच्या खोलीबाहेर पुठ्ठा धरते तसाच. सवयीने. तिने तो खाली आणला आणि पाट्यांच्या चळतीवर उपडा ठेवला.

चिमणीकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही. पोरीकडे एकाचीही नजर वळायला नको होती. तिचं ती सांगेल, तिला जागा मिळाली की. आपलं तेवढं आपण सांगायचं. छोटी फोटोकडे वळली. आई नेहमीसारखीच ताठ बसली होती.

“आई,” ती म्हणाली.

मावशीची मान वर झाली. या इमारतीत हा शब्द छोटीच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. तिने स्वतःही नव्हता.

“आई, मी आत बसायचे. भिंतीकडे. आणि मैना उठायची नाही.” आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. “त्या दिवशी बाटली सांडली नव्हती. झाकण नीट लावलेलं होतं. आम्ही मैत्रिणी नव्हतो, आई, एक दिवससुद्धा नव्हतो. तू रोज विचारायचीस, पण तिच्यासमोर विचारायचीस. एकदा मला एकटीला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तुझं बाक चुकलं. ते आता कुठल्याच वर्गात नको. मला बाहेर यायचं होतं, आई. मला नुसतं बाहेर यायचं होतं.”